खडे बाजार दोन आहेत, आधी कुठला ते ठरवा

बेळगावच्या बाजाराला माझ्याकडून पाचात चार. एक गुण कापलाय तो गाडी लावण्यावरून, आणि तो कापताना मला जराही वाईट वाटलेलं नाही.

आम्ही खानापूरचे. बेळगाव आम्हाला शहर वगैरे वाटत नाही, २६ किलोमीटरवरचं परसदार आहे ते. लग्नाचा बस्ता तिथला, लेकीचं दप्तर तिथलं, सासऱ्यांचा चष्माही तिथलाच. म्हणून बाहेरच्या कुणी 'बाजार कसा आहे हो तुमच्याकडचा?' असं विचारलं की मला काही सुचायचं नाही. आपल्याच स्वयंपाकघराला कोणी गुण देतं का? पण यंदा गणपतीच्या आधीच्या शनिवारी धाकटे दीर पुण्याहून बायको-मुलाला घेऊन आले, त्यांच्या बरोबरीनं फिरताना तोच बाजार मला निराळा दिसला. आणि पहिल्या अर्ध्या तासातच आमची फाटाफूट झाली, तेव्हा तिथूनच सुरू करते.

दोन गाड्या होत्या. आमच्या गाडीत हे, सासूबाई, मी आणि लेक. मागच्या गाडीत भावोजी, जाऊबाई आणि दहावीतला पुतण्या. मच्छे, पिरनवाडी, उद्यमबाग इथपर्यंत ते आमच्या मागे दिसत होते. तिसऱ्या रेल्वे गेटाच्या गर्दीत चुकामूक झाली. झाली तर झाली, 'खडे बाजारात भेटू' असं घरून निघतानाच ठरलेलं होतं. थोड्या वेळानं फोन आला.

"वहिनी, आम्ही खडे बाजारात उभे आहोत. तुम्ही कुठे?"

"आम्हीपण खडे बाजारातच की!"

दोघंही खरं बोलत होतो. मोबाईलनं त्यांना शहापूरच्या खडे बाजारात नेऊन उभं केलं होतं, आणि आम्ही बेळगावच्या खडे बाजारात. मधे रेल्वेचे रूळ, कपिलेश्वरचा उड्डाणपूल आणि शनिवारची रहदारी.

बेळगावचा रिक्षावाला 'खडे बाजार' म्हटलं की मीटरकडं बघायच्या आधी विचारतो, "कुठला? शहापूरचा का गावातला?" मोबाईल विचारत नाही. शहापूर हे संस्थानी काळात सांगलीकर पटवर्धनांचं आणि बेळगाव इंग्रजांचं. राज्यं दोन म्हणून पेठाही दोन, आपापल्या सराफांच्या, कापडवाल्यांच्या. संस्थानं जाऊन इतकी वर्षं झाली, महानगरपालिका एक झाली, पण नाव बदलून घ्यायला दोन्हींपैकी एकही बाजार तयार झाला नाही. बाहेरून येणाऱ्यांनी पहिली गोष्ट हीच लक्षात ठेवावी, बाकीचं चुकलं तरी चालतं.

आम्ही त्यांना 'इकडे या' म्हणणार, तेवढ्यात जाऊबाईंनी फोन घेतला. "आम्ही इथंच थांबतो. समोर साड्यांचं दुकान आहे." झालं. मग आम्हीच गेलो.

नशीब म्हणायचं, कारण साडीसाठी मी त्यांना शहापूरलाच नेलं असतं. शहापूर, वडगाव, खासबाग हा सगळा विणकरांचा भाग. वडगावच्या आतल्या गल्ल्यांत अजूनही मागाची खटखट ऐकू येते, यंत्रमागांची जास्त. दुकान जुन्या पद्धतीचं, गादीवर पांढरी चादर, आपण पाय दुमडून बसायचं आणि दुकानदारानं साड्या अंगावर फेकायच्या. दुकानदार सत्तरीचे असावेत. जाऊबाईंनी 'इरकल' म्हटल्यावर त्यांनी दोन साड्या समोर ठेवल्या, दोन्हीचा रंग कांद्याच्या सालीचा, दोन्हीला लाल पदर, आणि म्हणाले, "सांगा बघू, हातमागाची कुठली?"

जाऊबाईंनी पोत बघितला, मी उजेडात धरून बघितली, दोघींनी चुकीची दाखवली. सासूबाईंनी बघितलंच नाही. त्यांनी पदर जिथं सुरू होतो तिथं नुसतं बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "ही." इरकलीत अंगाचा ताणा, म्हणजे उभे धागे, वेगळा आणि पदराचा ताणा वेगळा असतो. दोन्हीचे धागे एकमेकांच्या फासात अडकवून जोडतात, टोप-तेणी म्हणतात त्याला. त्या जागी बोटाला बारीकशी कड लागते. यंत्रावरच्या नकलेत पदर सलग येतो, बोट सरकत पुढं जातं. दुकानदार हसून म्हणाले, "आजींना साडी विकायची सोय नाही."

हे मला पटलं ते अशासाठी की नकली साडीही त्यांनी लपवून ठेवली नव्हती, तिचा भाव निम्म्याहून कमी होता आणि तसं तोंडानं सांगितलं. हातमागाची १,८०० सांगितली, सासूबाईंच्या मुरलेल्या घासाघिशीनंतर १,६५० ला दिली, वर गुळेदगुड्डच्या खणाचा एक तुकडा चोळीसाठी घ्यायला लावला. तो फुकट नव्हता. इरकल आणि खण दोन्ही बागलकोटकडचे. इथल्याच मागावरची हवी असेल तर 'शहापुरी दाखवा' असं स्पष्ट सांगावं लागतं, नाहीतर पाहुणे म्हटल्यावर इरकलच पुढं येते. मी एक शहापुरी घेतली. फॉल-पिकोला तिथंच टाकली.

मग गावातल्या बाजारात. आणि इथं तो कापलेला गुण. किर्लोस्कर रोडवर दोन फेऱ्या, रामदेव गल्लीच्या तोंडाशी एक फेरी, शेवटी बापट गल्लीच्या पार्किंगमध्ये एका गाडीला जागा मिळाली. दुसरी गाडी रस्त्याच्या कडेला लावली, तिथं पावतीपुस्तक घेतलेल्या एका पोरानं पैसे घेतले आणि परत आलो तेव्हा दुसऱ्या एकानं तीच जागा आपली म्हणून पुन्हा मागितले. पावती दाखवली तर म्हणतो, "ते सकाळचं हो." गणपतीचे मांडव पडायला लागले की निम्मी गल्ली बांबूंनी अडते, ते एक असतंच. पण मांडवाची तक्रार बेळगावात करायची नसते. झेंडा चौकातला सार्वजनिक गणपती टिळकांच्या पुढाकारानं १९०५ साली बसला, तेव्हापासून या बाजाराला भाद्रपदात अडून बसायचा हक्कच आहे म्हणा ना. माझा सल्ला: गाडी लांब ठेवा, किंवा आणूच नका. खानापूरहून बस आहे, रेल्वे आहे. पुढच्या वेळी मी तेच करणार आहे.

पुतण्याला 'ऐतिहासिक बाजार' म्हणजे कमानी आणि तोफा अपेक्षित होत्या. त्याला म्हटलं, तोफा हव्यात तर बसस्टँडच्या पलीकडं किल्ला आहे, त्यात १२०४ सालची कमल बस्ती, जैन मंदिर, आहे, ते दुपारनंतर. बाजारातला इतिहास पाट्यांवर वाचायचा. आत्ता आपण ज्या रस्त्यावर गाडी लावायला जागा शोधत होतो तो किर्लोस्कर रोड. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली सायकलींचं दुकान काढलं ते बेळगावात. लोखंडी नांगरही इथंच घडला, पुढं जागेचा प्रश्न आला आणि १९१० मध्ये कारखाना कुंडलकडं गेला, ती किर्लोस्करवाडी. पुतण्या म्हणाला, "म्हणजे त्यांनाही इथं जागा मिळाली नाही?" पार्किंगवरचा याहून चांगला शेरा मला अजून सुचलेला नाही.

पाट्यांवरून आठवलं, बोगारवेस या चौकाला आता धर्मवीर संभाजी चौक म्हणतात, पण जुनं नाव तोंडातून जात नाही. कानडीत बोगार म्हणजे तांब्या-पितळेची भांडी करणारे.

गणपत गल्लीत शिरलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. उशीरच म्हणायचा. सकाळी नऊ-साडेनऊला इथं भाजी ताजी असते आणि चालायला जमीन दिसते. अकरानंतर फक्त डोकी. मधोमध टोपल्या घेऊन बसलेल्या बायका, दोन्ही बाजूंना दुकानं, त्यांच्या पुढं हातगाड्या, आणि या सगळ्यातून हॉर्न वाजवत येणारा एक तरी दुचाकीवाला. गोव्याच्या नंबरच्या गाड्यांतून उतरलेली माणसं चोर्ल्याच्या घाटातून खास चतुर्थीच्या खरेदीला आलेली, त्यांची कोंकणी. भाजीवाल्या खेड्यांतल्या, कुणी मराठी, कुणी कानडी. सासूबाई शाळेत कानडी शिकलेल्या नाहीत, पण भाव करायचा म्हटला की त्यांची भाषा आपोआप बदलते. "एष्ट्री?" म्हणजे केवढ्याला, मग "कडिमी माड्री अक्का", म्हणजे कमी करा, मग उठून चालायला लागायचं, मग मागून हाक. जाऊबाईंनी तेच पुण्याच्या मराठीत करून बघितलं. मागून हाक आली नाही.

रविवार पेठेत आमचं खरं काम होतं, मिरची. ही पेठ नटलेली नाही. पोती, हमाल, ठसका, आणि दुकानात पाऊल टाकण्याआधी शिंक. वर्षाची चटणी, म्हणजे लाल तिखट, आम्ही उन्हाळ्यातच करून ठेवतो, पण जाऊबाईंना पुण्याला न्यायला हवी होती. तर ब्याडगी आणि संकेश्वरी यांतला फरक तिथं उभ्या उभ्या समजावला. ब्याडगी सुरकुतलेली, गडद लाल, रंग भरपूर आणि तिखट बेताचं. संकेश्वरी लांब, बारीक, आणि तिखटाला पक्की. नुसत्या ब्याडगीचा रस्सा दिसतो भारी, खाताना मिळमिळीत. नुसत्या संकेश्वरीचा खाणाऱ्याला रडवतो. आमच्या घरी दोन भाग ब्याडगी, एक भाग संकेश्वरी.

दुकानदारानं पोत्यात हात घालून मूठभर मिरच्या काढल्या.

"काय बघायलासा नुसतं? मोडून बघा की अक्का. नको तर नको."

मी एक कानाजवळ धरून हलवली. बी खुळखुळलं. म्हणजे वाळलेली आहे. मग मोडली, कट्कन मोडली, आतून पांढरी बुरशी नाही. देठ ओढून बघितला. पुढच्या पोत्यातली हलवली तर आवाजच नाही, बोटांत वाकली. तोलायला जड भरावी म्हणून पाणी मारलेली मिरची अशी वागते. मी काही बोलले नाही, नुसती ती परत ठेवली. त्यानंही काही न बोलता पहिल्या पोत्याकडं हात केला. या बाजारात अशी अर्धी बोलणी मुकाट्यानं होतात, आणि तो आपल्याला मोडू देतो, वाजवू देतो, म्हणून मी प्लास्टिकच्या पाकिटातली मिरची घेत नाही. तांदळाचंही तेच. चिमूटभर तळहातावर चोळून वास घ्यायचा. बेळगावी बासमती म्हणजे ती लांब दाण्याची उत्तरेकडची नव्हे, ही आखूड, घरभर वास पसरणारी. खरी हवी असेल तर चोळल्याशिवाय घेऊ नका आणि 'बासमतीच आहे' या शब्दावर तर अजिबात नको.

जेवणाची मात्र गडबड झाली. मला एका बोळातल्या जुन्या खानावळवजा हॉटेलात न्यायचं होतं, जिथं सकाळी शिरा-उप्पीट आणि नंतर पुरी-पातळभाजी मिळते. भावोजींना एसी हवं होतं, सासूबाईंचे पाय दुखत होते, म्हणून रस्त्यावरच्या एका झगमगीत हॉटेलात शिरलो. नाव लिहीत नाही. पाऊण तास थांबलो, पुण्यात मिळतं तेच लाल पनीर आलं, आणि बिलात न मागितलेल्या पाण्याच्या चार बाटल्या. विचारल्यावर काढल्या, पण विचारावं लागलं. बेळगावात येऊन पनीर मागवणाऱ्याची चूक जास्त, असं हे म्हणाले. म्हणाले दबक्या आवाजात, कारण पनीर त्यांच्याच भावानं मागवलं होतं.

म्हणून चार वाजता बोळातल्या हॉटेलात गेलोच. संगमरवरी टेबलं, भिंतीला आरसे, पाण्याचे स्टीलचे पेले. पातळभाजी म्हणजे बटाट्याची पिवळी, सरसरीत भाजी. वर मोहरी-कढीपत्ता, मधेच हिरवी मिरची. पुरीचा तुकडा तीत पूर्ण बुडवायचा, टोक भिजवून भागत नाही. पुतण्यानं दोन प्लेटी खाल्ल्या आणि तिसरीसाठी आईकडं बघितलं. हात धुवायच्या जागेजवळ ओल होती, पंखा कुरकुरत होता, वेटरनं सात जणांची ऑर्डर कागदाशिवाय घेतली आणि एकही चुकवली नाही. सगळ्यांचं मिळून दुपारच्या बिलाच्या पावही झालं नाही.

पांगुळ गल्लीत लेकीनं अर्धा तास घालवला. बांगड्या, क्लिपा, गौरीचे दागिने, मखराची झालर. माझं त्यातलं ज्ञान शून्य, मी बाहेर उभी होते. याच गल्लीत अश्वत्थाम्याचं देऊळ आहे. भावोजींनी दोनदा विचारलं, "नक्की अश्वत्थामा?" नक्की. आत जाऊन आले मग.

एक तक्रार बायकांच्या वतीनं. सकाळी दहापासून संध्याकाळी सहापर्यंत बाजारात फिरायचं आणि स्वच्छ स्वच्छतागृह शोधायचं म्हणजे परीक्षा आहे. आम्ही हॉटेलांच्या भरवशावर दिवस काढला. साठी ओलांडलेल्या बाईला घेऊन जाणार असाल तर दर दोन तासांनी कुठं बसणार ते आधी ठरवा. अर्धा गुण यावरही कापायला हवा होता, तो पातळभाजीनं वाचवला.

शेवटी कुंदा. शेवटीच घ्यावा, हातात वागवत फिरायचा पदार्थ नाही. सांगतात की कुणा मारवाडी मिठाईवाल्याचं दूध चुलीवर राहून गेलं, आटून तपकिरी झालं, त्यात साखर पडली आणि कुंदा जन्मला. खरं असो-नसो, चव तशीच आहे, दूध लागता लागता वाचल्याची. दूध आटवताना जरासं दही पडतं म्हणून रवा धरतो. चांगला कुंदा ओळखायचा तो त्या रव्यावरून: जिभेवर दाणा आधी लागला पाहिजे, मग विरघळला पाहिजे. नुसता चिकट गोळा असेल तर तो पेढ्याचा चुलतभाऊ. रंग भाजक्या शेंगदाण्याच्या सालीसारखा हवा, फार काळा नको. गावात कुंद्याची नावाजलेली दुकानं बरीच आहेत आणि प्रत्येक घराचं आपलं एक ठरलेलं. आमचं कुठलं ते सांगून भांडण ओढवून घेत नाही. फक्त एवढं करा, चव घेतल्याशिवाय डबा बांधायला सांगू नका. मागितलं की बोटभर देतात. पाव-पाव किलोचे चार डबे घेतले.

त्याच दुकानात मांडे होते. जाऊबाईंनी मांडे फक्त म्हणीत ऐकले होते, मनातले. हे खरे: पापुद्र्याएवढी पातळ पोळी उलट्या खापरावर भाजायची, आत पिठीसाखर, तूप, खसखस, आणि घडी घालायची. थंड झाली की काचेसारखी. त्यांनी सहा घेतले आणि खानापूरपर्यंत मांडीवर धरून आणले. तिसऱ्या गेटाच्या खड्ड्यात भावोजींनी ब्रेक मारला तेव्हा मागच्या गाडीत काय बोलणं झालं ते आम्हाला ऐकू आलं नाही, पण घरी डबा उघडला तेव्हा त्यात चार मांडे होते आणि दोनांचा चुरा. सासूबाईंनी चुऱ्यावर दूध ओतून तो पुतण्यापुढं ठेवला. पूर्वी लग्नाच्या शिदोरीतले मांडे असेच खायचे, म्हणाल्या.

पुणेकर दुसऱ्या दिवशी गेले. किल्ला आणि कमल बस्ती राहिलीच, पुतण्या त्यावरून अजून टोमणे मारतो. माझी शहापुरी साडी फॉल-पिकोची दुकानातच आहे, पावती पर्समध्ये. मंगळवारी आणायला जायचंय, रेल्वेनं. ह्यांना म्हटलं, तुम्हीपण चला. तर म्हणाले, "कुठल्या खडे बाजारात?"